माझ्याकडं लिवा

छातीवर उजवा तळवा ठेवून ते म्हणायचे, “ते माझ्याकडं लिवा.”

मी सांगलीचा. दुकानांची आतली कामं करतो. फरशी, वायरिंग, छत, काउंटर. एका बेकरी कंपनीच्या नव्या शाखांचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. यात कंपनी एक, शाखा चालवायला घेणारा दुसरा आणि गाळ्याचा मालक तिसरा. कोणतं काम कोणाच्या खर्चाने, हे आधी ठरवावं लागतं आणि खरी भांडणं तिथेच होतात. असे मालक तुम्हीही पाहिले असतील. भिंतीला एक हात रंग मारा म्हटलं तरी त्यांच्या पोटात दुखतं.

कऱ्हाडजवळच्या मलकापुरातला हा गाळा हायवेला लागून होता. मालक एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणायला लागलो. मी म्हणालो, फरशी बदलावी लागेल. “ते माझ्याकडं लिवा.” थ्री फेज मीटर? तळवा छातीवरच. “तेबी माझ्याकडं.” नवं शटर, सांडपाण्याची लाइन, संडास, दारापुढचा उतार. शाखा घेणारा कऱ्हाडचा तरुण चक्रावून माझ्याकडे बघायला लागला. माझा मिस्त्री कानात म्हणाला, “म्हाताऱ्याला लॉटरी लागलीया जनू.”

लॉटरी कसली, निवृत्तीचा फंड होता. तेवढाच होता.

गाळ्यात खिळ्यांना मोबाइलची कव्हरं अजून लटकत होती. ते दुकान त्यांच्या मुलाचं. समोरच्याच रस्त्यावर त्याला ट्रकनं उडवलं आणि तेव्हापासून शटर खाली होतं. कव्हरं काढायला मी माणूस लावणार होतो. “ऱ्हाऊ द्या, मी काडतो,” मामा म्हणाले. एकेक कव्हर फडक्यानं पुसून त्यांनी पोत्यात भरलं. कुणाला विकायची नव्हती, द्यायची नव्हती, तरी पुसली.

सह्या करायच्या वेळी त्यांनी अट घातली. “दुकानात एक मानूस माझं घ्याचं. माझी सून. बारावी झालीया, बोलायला चांगली हाय.”

“पगार कमी असतो, मामा,” तो तरुण म्हणाला.

“पगाराचं कुनी काडलंय? तिला घरातनं भाईर पडाय जागा पायजे.”

नवरा गेल्यापासून ती लहान मुलीला घेऊन घरात कोंडल्यासारखी होती. दाराशी कोणी आलं की आत जायची. मामींना यात काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटलं ते मामांचं. “सुनंला काउंटरवर हुबी करनार? लोक काय म्हंतील?” एवढं म्हणून मामींनी बोलणंच टाकलं. काम चालू असताना घरातून आम्हाला चहा यायचा, पण त्यात मामांचा कप नसायचा. मामा हसून आमच्यातलाच अर्धा बशीत ओतून घ्यायचे. “संप हाय,” म्हणायचे. “एसटीत असताना लय बघितल्यात.”

बेकरी सुरू झाली. कंपनीची टोपी, कंपनीचा एप्रन. सुरुवातीला सून मान वर करायची नाही, केकवर नाव काय घालायचं हेही खाली बघून विचारायची. मी एसीच्या तक्रारीसाठी गेलो, तर मामा रस्त्यापलीकडे पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसलेले.

“आत नाही बसत?”

“मी आत गेलो की ती परत सून हुती. हितनं बघितलं की दुकानातली बाई दिसती.”

पुढच्या खेपेला मी आत असताना ती एका गिऱ्हाइकाशी मोठ्याने हसली. मी वळून पलीकडे पाहिलं. मामा उभे राहिले होते.

कंपनीचा माल घेऊन येणाऱ्या गाडीवर सांगलीचा एक माणूस होता, बायको वारलेला. त्याने तिला लग्नाचं विचारलं. तिने ते सासूला सांगितलं नाही. मामांना सांगितलं. मग मला त्यांचा फोन आला. “तुमी सांगलीचंच. त्याचं घर बघाय माझ्यासंगं याल का?”

दोन खोल्यांचं घर. मामांनी नळ सोडून पाहिला, परसदारी चक्कर मारली, शेजारी कोण कोण राहतं ते विचारलं. तो माणूस भिंतीला टेकून उभाच होता.

“बसा की,” मामा म्हणाले. “आमची नात दुसरीत हाय. तिचं काय?”

“तीपण येणार. तिच्याशिवाय त्या यायच्या नाहीत.”

मामांनी जाऊन मघाचा नळ पुन्हा घट्ट केला. मग हात छातीवर गेला. “लग्नाचा खर्च माझ्याकडं.”

मी त्यांना स्टँडवर सोडलं. गाडीची वाट बघताना ते म्हणाले, “नात आमच्यापाशी ऱ्हाईल आसं मनात धरलं हुतं.” थोड्या वेळाने स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, “पर आईबिगर कशी ठेवायची?” गाडी लागली तसे ते चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

लग्न सांगलीतच झालं. मामी आल्या नाहीत.

पुढे हायवेवर आणखी बेकऱ्या झाल्या आणि तरुणानं शाखा बंद केली. सामान काढायला मीच गेलो. काउंटर, ओव्हन, काचेची कपाटं कंपनीची, ती टेम्पोत चढवली. फरशी, वायरी, मीटर, शटर मामांचं, ते तिथेच राहिलं. मामा खूप वाळले होते. चार शब्द बोलले की धाप लागायची.

“तुमचे पैसे अडकून पडले, मामा.”

“पडू द्यात. घर मातर लय मोठं झालंया.”

त्याच वर्षी थंडीत ते गेले. सुनेचा फोन आला, पण तिला रडण्यापुढे बोलता येईना. मी तेरावं उलटल्यावर भेटायला गेलो. घराला कुलूप होतं. गाळ्याचं शटर मात्र वर केलेलं आणि आतल्या मोकळ्या फरशीवर एका खुर्चीत मामी बसलेल्या. मी पायरीशी थांबलो. तेवढ्यात एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवून आत डोकावलं.

“काय मिळतंय हो हितं?”

“काय न्हाई, बाबा,” मामी म्हणाल्या. “घरात बसवत न्हाई म्हनून बसलीया.”