रोलच्या शेवटच्या दोन फ्रेम

"हे बघा," सर म्हणाले आणि माझा कागद त्यांनी दोन बोटांत वर धरला. ओलं फडकं धरावं तसा.

कागदावर खुर्चीत बसलेली एक म्हातारी होती. परदेशी चित्राची मी केलेली नक्कल. तिच्या अंगावरची शाल मी काळी रंगवली होती. सरांनी दुसऱ्या हातात पुस्तक उघडून धरलं. मूळ चित्रातली शाल लालभडक होती.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"हिनं घरी काळं घोंगडंच पाहिलंय," सर म्हणाले. "मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या डोळ्यांत रंग कुठून येणार?"

मग सगळा वर्ग हसला. मीही हसले. हे सांगायला मला आजही लाज वाटते. सरांच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची जास्त.

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. बारामतीत चित्रकला शिक्षकाच्या पदविकेचा वर्ग. मी पणदऱ्याहून एसटीनं यायची. आम्ही धनगर. आज्यापर्यंत मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ती विकली आणि एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात रोजंदारीवर लागले. घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली.

शाल काळी का झाली ते सांगते. पुस्तक एकच होतं. सर ते आपल्या कपाटात कुलपात ठेवायचे. वकिलाच्या मुलीला, डॉक्टरच्या मुलाला ते घरी न्यायला मिळायचं. त्यांच्या घरच्यांनी पुण्याहून रंगीत झेरॉक्स करून आणल्या. मी मागितलं तेव्हा सर म्हणाले, "महागाचं पुस्तक आहे. तुझ्या घरी ठेवणार कुठं? शेणाचे हात लागतील." आणि मला त्यांनी पानांच्या साध्या झेरॉक्स दिल्या. झेरॉक्सच्या यंत्राला लाल आणि काळा एकच. मला ते ठाऊक नव्हतं. सरांना होतं.

त्या दिवसापासून मी डबा जिन्याखाली खायला लागले. मला कुणी हाकललं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. वर्गात कुणाला रबर मागायचं तरी आधी मनात वाक्य जुळवायची. 'हाय' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. 'न्हाय' नाही, 'नाही'. वाक्य जुळेपर्यंत रबराची गरज संपलेली असायची.

वर्षअखेर नऊ नकला द्यायच्या होत्या. मला रंग दिसायला हवे होते, आणि माझ्या ऐपतीत. बारामतीतल्या झेरॉक्सवाल्यांकडं हिंडले. "कलर? त्याला पुण्याला जावा," सगळे हेच म्हणायचे. पुण्याचा दर आईच्या खुरपणीच्या मजुरीला झेपणारा नव्हता. छापखान्यामागं टाकलेले कॅलेंडरचे वाया गेलेले कागद आणून बघितले. देवीचे ओठ सरकून गालावर आलेले. त्यावरून काय शिकणार?

उन्हाळ्याच्या तोंडाला मावशीच्या मुलीचं लग्न इंदापुरात झालं. वऱ्हाड गेलं. मांडवात नुसत्या खुर्च्या उरल्या. फोटोवाले तात्या एकटेच उभे होते आणि त्यांनी रिकाम्या खुर्च्यांचे दोन फोटो काढले. मला नवल वाटलं.

"तात्या, खुर्च्यांचा फोटो कशाला?"

"रोल संपवायला. शेवटच्या दोनतीन फ्रेम उरत्यातच. अर्धवट रोल पुण्याला धुवायला धाडून काय करू? मग भिंतीचा काढतो, झाडाचा काढतो."

"ते वायाच जातं?"

"व्हय. रोल धुतला की तेबी त्यात येतंच. प्रिंट मारायची न्हाय, एवढंच."

मी जागची हलेना. मग धीर करून विचारलं, "पुस्तकातल्या रंगीत चित्राचा फोटो काढला तर त्यातले रंग येतील?"

तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "येतील की, जरा इकडंतिकडं. पण फ्लॅश न्हाय मारायचा, कागद चकाकतो. दिवसाचा सावलीतला उजेड पायजे. पुस्तक घिऊन ये. फ्रेमचं कायबी देऊ नको. लॅबवाला प्रिंटचं घेतो तेवढं दे."

उपाय सापडला. पुस्तक नव्हतं.

दोन दिवस मी त्या काळ्या झेरॉक्सकडं बघत बसले. एका पानाच्या कोपऱ्यात गोल पुसट डाग होता. वर्षभर मला तो यंत्राचा डाग वाटत होता. उंबऱ्यात बसून उजेडात तिरका धरला. डाग नव्हता तो. शिक्का होता. ग्रंथालयाचा.

पुस्तक सरांचं नव्हतंच. ते कॉलेजचं होतं. म्हणजे जितकं वकिलाच्या मुलीचं तितकं माझं. मी वर्षभर जे हात पसरून मागत होते, ते माझ्या ग्रंथालयाच्या कार्डावर मला मिळायला हवं होतं. उंबऱ्यात बसल्या बसल्या माझे कान तापले. आनंद नाही झाला. संताप आला. आधी त्यांचा. मग माझा.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंपुढं कार्ड ठेवलं. बाईंनी नोंदवही उघडली. "पुस्तक कुणाच्याच नावावर नाही. आहे कुठं?"

"सरांच्या कपाटात."

बाईंनी नोंदवही मिटली. सर तेव्हा आठवडाभर पुण्याला गेले होते. ऑफिसात कपाटाची दुसरी किल्ली होती. बाई स्वतः उठल्या, पुस्तक काढून आणलं, माझ्या कार्डावर चढवलं. "तारखेला परत कर," एवढंच म्हणाल्या.

लग्नसराई होती. तात्या सांगतील त्या मांडवात मी आईच्या लुगड्यात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन जायची. इंदापूर, पिंपळी, कुठंही. ना नवरी माझी, ना नवरा माझा. "तू कुणाकडची गं?" कुणी विचारलं की मी तात्यांकडं बोट दाखवायची. जेवायला बसायची नाही. पाठवणी होईपर्यंत एका खांबाजवळ उभी. सगळे नवरीसाठी रडत असायचे आणि मी मनात फ्रेमा मोजत असायची. सगळे गेले की खुर्चीवर पान उघडून धरायचं. तात्या वाकायचे, श्वास रोखायचे, बटण दाबायचे. चार लग्नांत नऊ पानं झाली.

प्रिंटा आल्या. पोस्टकार्डाएवढ्या, जरा पिवळसर. पुस्तक परत करायच्या आधी मी एकेक प्रिंट पानाशेजारी ठेवली आणि मागं पेन्सिलीनं लिहिलं. शाल याहून गडद. भिंत इतकी पिवळी नाही. हे करताना मला पहिल्यांदा कळलं की मला रंग दिसतात. कुणी दाखवायची गरज नव्हती. समोर असायची गरज होती.

नऊ चित्रं काढली. सरांपुढं ठेवली. त्यांनी चित्रं बघितलीच नाहीत. बाजूला ठेवलेल्या प्रिंटा उचलल्या.

"हे कुठून आणलंस?"

"फोटो काढून घेतले."

"माझ्या कपाटातलं पुस्तक कुणाला विचारून नेलंस?"

"माझ्या कार्डावर नेलं, सर. पुस्तक ग्रंथालयाचं हाय."

'हाय' ऐकून कुणी हसलं नाही.

सरांनी प्रिंटा टेबलावर आपटल्या. "लेखी माफी दे. नाहीतर या चित्रांवर माझी सही मिळणार नाही."

"न्हाय," मी म्हणाले.

वर्षभर मी जपून जपून 'नाही' म्हणत आले होते.

सही मिळाली नाही. त्या विषयात मी नापास झाले. वकिलाची मुलगी जिन्यात भेटली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "तू बरोबर होतीस गं. पण मला साक्षीला नको बोलावूस." आणि चपळाईनं खाली उतरली. जिन्यात मी परत एकटी.

घरी आबांना निकाल सांगितला. आबा कामाचा शर्ट काढत होते. म्हणाले, "माफी मागून टाकायची हुती का?"

"तुमी मागितली असती?"

"मी रोजच मागतो," आबा म्हणाले. "सुपरवायझर दिसला की मागतो. कशाची, ते मला बी ठावं न्हाय." आणि शर्ट खुंटीला लावून हातपाय धुवायला गेले.

तो उघडा, घामेजलेला पाठमोरा माणूस बघून माझं ठरलं.

सोमवारी ग्रंथालयात गेले. नोंदवहीत असलेली, पण फळीवरही नसलेली आणि कुणाच्या नावावरही नसलेली चित्रांची पुस्तकं एकेक करून उतरवून घेतली. अकरा निघाली. अर्ज लिहिला. ही पुस्तकं ग्रंथालयात परत यावीत, आणि माझी नऊ चित्रं दुसऱ्या परीक्षकानं तपासावीत. वर्गात अर्ज फिरवला. सगळ्यांनी वाचला. सही एकानंही केली नाही. मी माझी केली आणि ऑफिसच्या खिडकीशी गेले.

कारकुनानं अर्ज वाचला, माझ्याकडं बघितलं. "ठेवून जा. बघू."

"पोच द्या."

"साहेब नाहीत. उद्या ये."

"पोच तुमच्या सहीनं चालती. शिक्का बी मारा."

"पुढचं वर्ष काढायचंय ना हितं?"

"काढायचंय," मी म्हणाले. "हितंच काढायचंय."

मागं रांग वाढत होती. कुणीतरी चुकचुकलं. कारकून फायली चाळायला लागला. मी खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवले आणि उभी राहिले. शिक्का पडेपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.