सिदूच्या छातीतलं पाणी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नांदूरघाटजवळ पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर चारशे माणसं राबत होती. त्यांचं दुखणंखुपणं चतुराबाई बघायच्या. आईबापानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या दुसरीत होत्या. पुढं औरंगाबादला नर्सचं शिकल्या आणि घरातल्या पहिल्या पगारदार झाल्या. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस सगळी भिस्त बाईंवर.

खडी फोडणाऱ्या सिदूला त्यांनी आठ दिवस खोकल्याचं औषध दिलं होतं. कामावरची निम्मी माणसं धुळीनं खोकत होती, त्यातलाच हा एक, असं त्यांनी धरलं. नवव्या दिवशी सकाळी कडूबाई नवऱ्याला धरून घेऊन आली. सिदूला एक वाक्य सलग बोलता येईना. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणून तीन रात्री त्यानं बसून काढल्या, रोज सांजच्याला अंग तापतं, असं कडूबाईनं सांगितलं.

बाईंनी त्याचा सदरा काढायला लावला. श्वास मोजायला लागल्या आणि मोजणं विसरल्या. डाव्या बरगड्या वरखाली होत होत्या, उजव्या जागच्या जागी होत्या. शिकताना पाहिलं होतं तसं त्यांनी पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकलं. डावीकडं पोकळ आवाज आला, उजवीकडं खाली बद्द, दगडावर ठोकल्यासारखा. छाती तपासायची नळी डॉक्टरांकडंच असायची, म्हणून कान लावला. डावीकडं वारं वाहत होतं. उजवीकडं काहीच नव्हतं. आठ दिवस आपण गोड औषध पाजत बसलो.

बाहेर गावच्या सोसायटीचा ट्रक निघायच्या बेतात होता. चेअरमन मोहनराव स्वतः मजुरांचं धान्य आणायला केजला चालले होते. बाईंनी ट्रक थेट आंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मोहनराव म्हणाले, केजपर्यंत नेतो, पुढं बस मिळंल. आंबाजोगाईला गेलो तर आज वाटप होणार न्हाई.

"बसची वाट बघण्याइतका दम त्याच्यात न्हाई, चेअरमनसाहेब."

"तुमी काय डॉक्टर हाय का?"

"न्हाई. तुमीच कान लावून बघा."

माणसं थबकली. मोहनरावांच्या घरी सिदूचा बाप सालगडी होता. ते क्षणभर घुटमळले, मग टोपी काढून खाली बसले आणि सिदूच्या घामेजल्या पाठीला कान लावला. आधी डावीकडं, मग उजवीकडं. उजवीकडं बराच वेळ. उठले ते थेट ड्रायव्हरकडं गेले, आंबाजोगाईला चल म्हणाले.

रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला टेकवून सिदूला बसवलं. प्रत्येक खड्ड्याला तो डोळे मिटायचा आणि बाई त्याच्या ओठांकडं बघायच्या, निळे पडतायत की काय म्हणून. केज मागं पडलं तेव्हा त्याचं बोलणं पूर्ण बंद झालं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही आधी ठोकूनच पाहिलं. छातीच्या फोटोत उजवी बाजू खालून वरपर्यंत पांढरी दिसली. फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत पाणी साठलंय, त्यानं फुफ्फुस दाबलं गेलंय, असं त्यांनी कडूबाईला समजावलं. पाठीत दोन बरगड्यांच्या मधून सुई घातली आणि पिवळसर पाणी हळूहळू काढलं. एकदम सगळं काढलं तर धोका असतो म्हणून मोठी बाटली भरत आली तेव्हा थांबले. सिदूनं श्वास घेतला, आणि बऱ्याच दिवसांनी तो आत पोचला.

"पाणी काढलं म्हणजे रोग गेला न्हाई," डॉक्टर म्हणाले. "ते का साठलं ते शोधावं लागंल."

तपासणीत क्षय निघाला. बाईंनी आठ दिवसांची गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगितली. ते रागावले नाहीत, तेच त्यांना जास्त लागलं.

कामावर धान्य दुसऱ्या दिवशी पोचलं. काहींनी बाईंना तोंडावर बोल लावले. पुढं तीन महिने रोज सकाळी त्या सिदूला इंजेक्शन देत राहिल्या. गोळ्या दीड वर्ष चालल्या. तो वाचला, पण खडी पुन्हा फोडू शकला नाही. सोसायटीच्या गोदामावर राखणीला बसला.

त्यानंतर बाई खोकणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला कान लावायच्या. वर्षभरात अजून तिघांना त्यांनी आंबाजोगाईला धाडलं. पहिल्या दोघांना काहीच निघालं नाही. ट्रक फुकट गेला म्हणून मोहनराव कुरकुरले, आणि तिसऱ्यांदा मागितल्यावर पुन्हा दिला.