मेजरला अक्कल यावी म्हणून

बैलाला बोकडाचा भेजा खायला घालणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या रेवस बाजूचा. रंगू भगत त्याचं नाव. वय सत्तरीचं, जन्म मिठागरात राबण्यात गेलेला, आणि डोक्यात खूळ एकच, शर्यतीचा बैल!

मेजर हा त्याचा बैल गेल्या दिवाळीत आला. पळायला नुसता वारा. फक्त कुठे पळायचं ते त्याला कळत नसे. किनाऱ्यावरच्या पहिल्याच शर्यतीत निशाण पडलं आणि मेजर जोडीदार बैल, गाडी आणि गाडी हाकणारा रंगूचा पुतण्या विनेश, सगळ्यांना घेऊन सरळ समुद्रात घुसला. कमरेइतक्या पाण्यात जाऊन शांत उभा राहिला. लोक हसून हसून वाळूत लोळले. विनेशने त्या दिवशी शर्यतीला रामराम ठोकला तो कायमचा.

दुसरा कोणी असता तर बैल विकून मोकळा झाला असता. रंगूने विचार केला, पायात जोर आहे, कमी आहे ती डोक्यात. आणि ज्याला जे कमी त्याला ते खाऊ घालावं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. शर्यतीच्या बैलाला अंडी, दूध, उडदाचं पीठ सगळेच देतात. रंगू त्यावर दर रविवारी भेजा आणू लागला. हळद-मीठ घालून उकडायचा, पिठात मळायचा आणि गोळे वळायचे. अर्धे मेजरला, अर्धे स्वतःला. एवढा महागाचा माल, एकट्या बैलाच्या घशात कशाला घालायचा! त्याची बायको बायजा कपाळाला हात लावून म्हणायची, "बैलाला अक्कल येल तवा येल, तुमची व्हती ती बी गेली."

मे महिन्यात नात हेमाली सुट्टीला आली. पोरगी गुरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला. ओटीवर बसून ती मोठमोठ्याने अभ्यास करी, आणि रंगू शेजारी बसून कौतुकाने ऐके. एका सकाळी मात्र ऐकता ऐकता त्याच्या हातातला पाव चहात विरघळून गेला.

"विलायतेत काय केलं आजोबा," हेमाली सांगत होती, "मेलेल्या गुरांच्या हाडामांसाचा भुगा जिवंत गुरांच्या खाद्यात घातला. त्यातून मेंदूचा रोग पसरला. जनावर थरथरतं, बुजतं, अडखळतं. मेंदूची पार चाळण होते. आणि त्या गुरांचं मांस ज्यांनी खाल्लं, त्यातल्या काही माणसांनाही तसलाच रोग झाला. माणूस विसरायला लागतो, तोल जातो आणि मग संपतो."

"उकडून खाल्लं तर?" रंगूने विचारलं.

"उकडून काही होत नाही. तो जंतूच नाही ना! आपल्याच मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घालतं, मग शेजारच्यालाही तशीच घालायला लावतं. औषध नाही त्याला."

"आन् त्या गुरांचं काय केलं?"

"मारली. लाखोंनी मारली. का हो, तुम्ही मेजरला काय घालता?"

"गवत," रंगू म्हणाला.

त्या घटकेपासून मेजर थरथरायला लागला. आता माशी बसली की बैलाचं कातडं थरथरणारच, पण रंगूला माशी दिसेचना, नुसती थरथर दिसे. मेजर बुजलासुद्धा. बायजाच्या हातून पातेलं आपटलं होतं, ते जाऊ दे. आणि स्वतःचं तर विचारूच नका. चष्मा गव्हाणीत सापडला. मिठागराच्या ज्या वाटेने चाळीस वर्षं गेला, त्याच वाटेवर उभा राहून आपण कुठे निघालो ते आठवेना. विनेश घरी आला, तर सख्ख्या पुतण्याला म्हणाला, "या पावणे, कुठल्या गावचे?"

झालं, निदान पक्कं. मग या शहाण्याने काय करावं? दवाखाना? छे! दवाखान्यात गेलं की सरकारला कळणार, सरकारला कळलं की बंदुका घेऊन माणसं येणार आणि मेजरला गोळी घालणार. आपलं काय, आपले सत्तर पावसाळे झाले. पण त्या मुक्या जनावराने काय घोडं मारलं होतं? त्याने का भेजा मागितला होता? रंगू मेजरच्या गळ्यात पडून पोटभर रडला. मेजरने त्याचा कान चाटला, मग स्वतःचं नाक चाटलं. रंगूने तेही लक्षणांत धरलं.

त्याच दिवशी त्याने उशी, गोधडी आणि तांब्या उचलला आणि मुक्काम गोठ्यात हलवला. बायजाला रोग लागू नये म्हणून दारात कोळशाने रेघ ओढली आणि ओरडून सांगितलं, "हिच्या अलीकडं पाय ठेवायचा न्हाय!"

"चाळीस वरसं तुमचं घोरणं लागलं न्हाय मला, आता रोग लागतोय व्हय?" असं म्हणत बायजा भात-कालवणाचं ताट घेऊन रेघेवरूनच आत आली.

रोज सकाळी रंगू दोघांची परीक्षा घेई. "मेजर, आज वार कंचा?" मेजर गप्प. रंगूलाही वार आठवत नसे. दोघेही नापास.

चौथ्या दिवशी हेमाली गोठ्यात घुसली आणि आजोबांनी सगळं कबूल केलं. पोरगी आधी इतकी हसली की शेणातच बसली. मग उठून आजोबांना असं झापलं की बस. गुरांना असलं काही घालायचंच नसतं, आजपासून बंद म्हणजे बंद! मग तिने मेजरला तपासलं. डोळे बघितले, चालवून पाहिला, कानाशी टाळी वाजवली.

"ठणठणीत आहे. गुरांचा हा रोग आपल्या देशात सापडलेलाच नाही, आजोबा. आणि असता, तरी बैलात दिसायला चार-पाच वर्षं लागतात, माणसात त्याहून जास्त. मेजरला येऊन वर्षसुद्धा झालं नाही."

"म्हंजे गोळी न्हाय घालणार?"

"कोणी नाही घालणार."

रंगूने टुणकन उडी मारली. मेजरच्या शिंगांचे मुके घेतले, गावाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. आणि मध्येच थांबला.

"मग मी इसरतो, ते कशानं?"

हेमालीचं हसू मावळलं. तिने आजीकडे बघितलं. बायजा पदराला हात पुसत होती, कोरडे झाले तरी पुसतच होती.

"तीन वरसं झाली," ती म्हणाली. "मेजर यायच्या आधीपासून. मी कुणाला बोलले न्हाय."

पुढच्या आठवड्यात हेमालीने आजी-आजोबांना अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा म्हातारपणातला विसरण्याचा आजार, बैलाचा यात काडीचा संबंध नाही, हळूहळू वाढत जाईल. रंगूने मान डोलावली, गोळ्या घेतल्या, आणि घरी येईतो सगळं विसरला.

एक गोष्ट तेवढी डोक्यात चिकटून राहिली. सकाळ झाली की रंगू उशी-गोधडी काखेत मारून गोठ्याकडे निघतो. बायजाचं नाव कधी आठवतं, कधी नाही, पण हिला रोग लागता कामा नये, हे पक्कं. हेमालीने कागदावर ठळक अक्षरांत 'रोग नाही' असं लिहून भिंतीला चिकटवलं. त्याने ते वाचलं आणि म्हणाला, "हे मेजरचं हाय."

शेवटी बायजानेच तोड काढली. परवा रंगू उशी घेऊन उंबऱ्यावर आला.

"अगो, लांब ऱ्हा. मला बैलाचा रोग हाय, तुला लागल."

"मला लागलाय कवाच," बायजा म्हणाली.

रंगू थबकला. "कदी?"

"कालच. मी बी खाल्ले ना ते गोळे."

धादांत खोटं. भेज्याला तिने जन्मात बोट लावलेलं नाही. रंगूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग आता गो?"

"आता काय! दोघांना बी हाय, तर लांब राहून काय उपेग? ठेवा ती उशी. चा निवतोय."

रंगूने उशी ठेवली. पाटावर बसला, आणि हळूच विचारलं, "मेजरला तर न्हाय ना?"

"त्याला मेंदूच न्हाय, तर रोग व्हणार कुठं!"

रंगू खदाखदा हसला आणि त्याने पाव चहात बुडवला. उद्या सकाळी तो पुन्हा उशी उचलेल, आणि बायजाला पुन्हा कालच रोग लागलेला असेल.