काकडं न घालता

रविवारची दुपार. पोटावर मोबाइल धरून मी पडले आहे, पंखा कुरकुरतोय. 'रानातलं ताटात' या ग्रुपवर मृण्मयीताईंनी शेवळांच्या रानभाजीची कृती टाकली आहे. शेवटी लिहिलंय, 'काकडं मिळाली नाहीत तरी चालतं.'

चालत नाही. काकडाच्या आंबट फळांशिवाय शेवळं घसा धरतात, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण तीन वर्षांत मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. आजही लिहिते, पुसते, आणि सवयीने कृतीखाली लाल बदाम देते. डोळे मिटतात.

समोर ठमामावशी बसली आहे. मुरबाडच्या बाजारात, जिथे ती अखेरपर्यंत रानभाज्या विकायची. फरशी मात्र माझ्या स्वयंपाकघराची आहे. ती शेवळांची जुडी माझ्यापुढे सरकवते. मी विळी घेऊन चिरायला लागते.

"कुनासाठी चिरतेस?"

"लोकांसाठी."

"काकडं कुठं हायत?"

मी चिरतच राहते.

मागे पंगत बसली आहे. माणसांचे ओठ सुजलेत, हनुवटीवरून लाळ पानात गळतेय, आणि तीच भातात कालवून सगळे खातायत. "अप्रतिम," म्हणतायत. "ताई, मी पण करून बघणार." पातेलं माझ्याच हातात आहे, आणि मी हसून वाढते आहे.

"थांबव की त्यांना," मावशी म्हणते.

"मी कोण सांगणारी? सगळी शिकलेली माणसं. माझं बोलणं असं गावाकडचं. हसतील."

"मला काय कमी हसली गिऱ्हाइकं? म्हनून कुनाला काकडाबिगर जुडी दिली का मी?"

दिली नाही. जुडीबरोबर मूठभर काकडं ती फुकट घालायची.

आता ती दवाखान्यातल्या खाटेवर आहे, जिथे तिचा जीव गेला. मी उशाशी उभी. भाजीत अळी निघाल्यावर बघायची, तशी ती माझ्याकडे बघते.

"मला वाटलं, तू लाजतेस," ती म्हणते. "लाजनारं मानूस गप बसतं. तू तर वर वाहवा केलीस."

ती भिंतीकडे तोंड करते.

जाग येते तेव्हा बोटं खाजतायत. उजव्या हाताच्या पेरांवर लाल पुरळ उठलंय, शेवळं उघड्या हाताने चिरल्यावर उठतं तसं. या वर्षी घरात शेवळं आलेलीच नाहीत.

मी मोबाइल उचलते. माझा बदाम तिथेच आहे. तो काढून टाकते आणि लिहिते, 'काकडं लागतातच. नसतील तर शेवळं करू नका. आमच्या मावशीनं जन्मभर विकली, ती हेच सांगायची.' पाठवते.

मृण्मयीताईंच्या आधी कुणा अनोळखी बाईचं उत्तर येतं. 'आजच केली हो. मुलीचे ओठ सुजलेत, घसा दुखतोय म्हणते. काय करू?'

मी घाईघाईने लिहिते, 'सूज हाय तर आधी डॉक्टरकडं न्या. लगेच.'

पाठवायच्या आधी एकदा वाचते. 'हाय' तसंच राहू देते.