'तुला कोण काय म्हणतं?' विचारणाऱ्या साळवे सिस्टर

साळवे सिस्टरांची आणि माझी पहिली भेट वजनकाट्यावर झाली. आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी हरसूलहून नाशिकला नर्सिंग शिकायला आले. आमच्या ट्यूटर सिस्टर म्हणून दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलीचं वजन त्या स्वतः घेत आणि पुढे दर महिन्याला पुन्हा घेत. चपला काढ आणि श्वास रोखू नकोस, एवढंच त्या मला म्हणाल्या. काटा अठ्ठेचाळीसवर थांबला. तो आकडा त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात वहीत लिहिला. मला त्या भयंकर कडक वाटल्या, आणि खरं सांगायचं तर त्या होत्याच कडक.

श्रीमती इंदुमती साळवे यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिस्तीबद्दल आणि चादरीच्या कोपऱ्याला पडलेल्या एका सुरकुतीसाठी त्यांनी आख्खा पलंग पुन्हा करायला लावल्याबद्दल या गौरव अंकात पुष्कळजणी लिहितील. माझ्या लग्नाला त्या एस.टी.त उभ्याने प्रवास करून हरसूलला आल्या होत्या, हेही मी एरवी चार पानं रंगवून लिहिलं असतं. पण आज मला जे लिहायचं आहे, ते मी आजवर घरीसुद्धा नीट सांगितलेलं नाही.

माझी बोली हरसूलकडची. 'नाय', 'हाय', 'लय' तोंडात बसलेलं. आमच्या पुढच्या वर्गात एक हुशार, देखणी मुलगी होती. तिला कुमुद म्हणू, खरं नाव वेगळं आहे. तिने पहिल्याच आठवड्यात माझी नक्कल केली आणि मग तो हॉस्टेलचा रोजचा खेळच झाला. मी मेसमध्ये ताट घेऊन बसले की बोलणं थांबायचं. मग कुणीतरी हळूच 'भात हाय का नाय?' म्हणायचं आणि सगळं टेबल हसायचं. कुणी अंगाला हात लावला नाही, की शिवी दिली नाही. मग तक्रार तरी कशाची करायची?

तक्रार माझं अंगच करू लागलं. आधी जेवण जाईना. मग झोप उडाली. ड्यूटीला निघताना पोटात पीळ पडायचा आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठायच्या. तीन महिने मासिक पाळी आली नाही. केस ओंजळीने गळू लागले. शेवटी तर स्वतःचं नाव सांगतानाही जीभ अडखळायला लागली. चार वेळा मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी जंताचं औषध दिलं, लोहाचं टॉनिक दिलं, गांधींसाठी अंडी बंद केली, छातीचा फोटो काढवला. सगळं ठीक निघालं. तेव्हा त्या म्हणाल्या, की तुला काहीही झालेलं नाही, ड्यूटी टाळायची सवय लावून घेऊ नकोस. कुमुदच्या चार-पाच महिन्यांच्या हसण्यापेक्षा ते एक वाक्य मला जास्त लागलं. मी ट्रंक भरली. महिनाअखेरीस घरी जायचं आणि नर्सिंगचं नाव काढायचं नाही, असं ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात सातपूरचा एक कामगार आमच्या वॉर्डात होता. यंत्रात हात सापडलेला, नुकतंच प्लास्टर घातलेलं. त्याची खाट माझ्याकडे होती. दुपारी पावणेदोनच्या सुमारास त्याची बोटं मला गार आणि निळसर दिसली. प्लास्टर घट्ट झालं की असं होतं आणि वेळ गेला तर हात जातो, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवलेलं होतं. दोन वाजता ड्यूटी बदलते. जाणाऱ्या मुलीने येणाऱ्या मुलीला प्रत्येक खाटेची हकीकत सांगायची, याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. ओव्हर घ्यायला कुमुद आली. तिच्या मागे दोघी ओठ दाबून उभ्या होत्या. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे." चार शब्दही नव्हते ते, पण तेवढेच मला कुणाला हसू न येता बोलता येत होते.

दहा मिनिटांनी सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी बोटं पाहिली, डॉक्टरांना धावत बोलावलं, प्लास्टर कापलं गेलं. हात वाचला. मी तिथेच भिंतीला धरून ओकले.

सिस्टरांनी मला आपल्या खोलीत नेलं. मला वाटलं, ट्रंक आजच उचलावी लागणार.

"तुला दिसलं होतं का?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. आमच्याच बोलीत सांगितलं, दुसरी येतच नव्हती. त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. मग त्यांनी वजनाची वही काढली. अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. एकेका आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे सगळं मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही वाचलं नाही. तुझी काही चूक नाही, बाळ. चुकलं माझं."

एवढ्या मोठ्या बाईने एवढ्याशा मुलीपुढे चूक कबूल करायची! ट्रंक मी त्याच संध्याकाळी रिकामी केली.

सिस्टरांनी कुणालाही रांगेत उभं करून झापलं नाही. तसं केलं असतं तर मला पुढे जगणं मुश्कील झालं असतं. कुमुदला त्यांनी एकटीला बोलावलं. आदल्या वर्षी तिलाही असंच छळलं होतं, हे तेव्हा कळलं. पण तेवढ्यावरून त्यांनी तिला सोडलं नाही, माझी माफी मागायला लावलीच. आम्हा दोघींचं पुढे मेतकूट जमलं असं लिहिलं तर सिस्टर हा लेख परत पाठवतील, कारण जमलं नाही. पण ओव्हरची पद्धत त्यांनी बदलली. खाटेपाशी उभं राहून सगळ्यात नवी मुलगी आधी बोलेल, तिला येईल तसं बोलेल, आणि तिचं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. महिनाभर त्या स्वतः माझ्यासमोर वही घेऊन उभ्या राहिल्या. मी 'बोटं हालत नायत' म्हटलं, की त्या तस्संच लिहून घेत. आजारी मुलींना त्या भूक लागते का, झोप लागते का, हे विचारतच. त्यापुढे 'तुला कोण काय म्हणतं?' हा तिसरा प्रश्न कायमचा आला. माझं वजन भरायला वर्ष लागलं. पाठीमागे कुणी हसलं तर माझ्या पोटात अजूनही पीळ पडतो. ते गेलेलं नाही, आणि ते जाईलच असं खोटं आश्वासन सिस्टरांनी कधी दिलं नाही.

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी सिस्टर माझ्याच वॉर्डात दाखल होत्या. दोन वाजता त्यांच्या खाटेपाशी ओव्हर सुरू झालं. आमच्याच भागातल्या पेठकडून नुकतीच आलेली एक मुलगी सगळ्यांच्या पुढे उभी होती. साक्षात साळवे सिस्टरांची हकीकत त्यांच्याच तोंडावर सांगायची! तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टर गोळी घेतली म्हणतात, पन ती उशीखाली हाय."

वॉर्डात कुणीही हसलं नाही. सिस्टरांनी उशीखाली हात घातला, गोळी काढली, पाणी मागितलं आणि आम्हा सगळ्यांदेखत गिळली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

सिस्टर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो आणि ते धडधाकट जावो. गोळ्या मात्र वेळेवर घ्या. नाही घेतल्यात, तर तोंडावर सांगणाऱ्या मुली तुम्हीच तयार करून ठेवल्या आहेत.