डाव अग्नेलचा आहे

लढाई लांबवणारी माणसं स्वार्थी असतात. स्वतःला मजा येते म्हणून सगळ्यांना ताटकळत ठेवतात आणि ऐन वेळी उठून निघून जातात. नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, बोटीवर नेटवर्क आलं तर!

चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली की किस्से साचतात. मासळीच्या टोपलीला खवले चिकटतात तसे. कितीही धुवा, चार राहतातच.

आमचा खेळ सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले योद्धे, जादूगार व्हायचं, आणि कोण जगलं कोण मेलं ते वीस बाजूंच्या डाइसने ठरवायचं. गोष्ट सांगणारी मी, केतकी. खेळणारे तिघं: पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेणारा दिग्या, मिठबावहून स्कूटरने येणारी मधुरा आणि हॉटेल मॅनेजमेंट केलेला अग्नेल. टेबल अग्नेलच्या मालवणच्या घरातलं, जेवणाचं. म्हणजे खरं तर त्याच्या आईचं, रोझमावशीचं. मायलेक चर्चमधली मिसा आटपून आले की आम्ही हजर.

माझं एक म्हणणं होतं, अजूनही आहे. आमच्याकडची पोरं शिकतात ती निघून जाण्यासाठी. त्यांना थांबावंसं वाटेल असं काही इथे नको का? मला या खेळाचा क्लब काढायचा होता, मालवणात, मग सावंतवाडीत. पण त्यासाठी खेळ रंगायला हवा, आणि आमचा खेळ मरायचा तो लढाईत! गोष्ट वाऱ्यासारखी पळायची. लढाई आली आणि एकेकाचा डाव सुरू झाला की ओहोटीला चिखलात बसलेली होडी. म्हणून मी लढाया पळवायचं मनावर घेतलं.

* * *

पहिला अडथळा गाऱ्हाण्याचा. गुहेच्या तोंडाशी पोचलं की दिग्या चपला काढून उभा राहायचा.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी तुजी लेकरां गुहेच्या तोंडार उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!" मधुरा आणि अग्नेल.

"तेंच्यार जर कोणी वाकडी नजर टाकली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"तर तेका थंयच बांदून घाल, आणि डाइसार वीस पाड!"

"व्हय म्हाराजा!!" हे स्वयंपाकघरातून. रोझमावशी!

गाऱ्हाणं लढाईपेक्षा लांब! एकदा मी वैतागून गाऱ्हाण्याच्या मधेच राक्षसाचा हल्ला करवला. तिघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवळात चप्पल घालून गेले.

"गाऱ्हाण्यात कोण हात उचलता गो?" दिग्या म्हणाला. "राक्षस झालो म्हणान काय झाला? गावचोच मां तो?"

राक्षस गाऱ्हाणं संपेपर्यंत थांबला. तेव्हापासून सगळेच थांबतात.

* * *

मग मी काजूचा नियम काढला. मधुराच्या घरचे भाजलेले काजूगर हे शत्रूचे सैनिक. जो मारील, त्याने खायचा. काय वेग आला! दिग्या तर दोन्ही हातांनी लढायला लागला. लढाई झटक्यात आटपली आणि मी खूश होऊन, उरलेला एक मोठा काजू राजा म्हणून मांडून, गोष्ट पुढे नेली: आता तुम्ही राजाच्या दरबारात आला आहात.

"मी हल्लो करतंय," दिग्या म्हणाला, डाइस टाकला, आणि वीस पडले.

"अरे, तो आपला राजा! त्यानेच पाठवलं ना आपल्याला?" मधुरा ओरडली. "तेका कित्याक मारलंस?"

दिग्या चावत म्हणाला, "भाजलेलो होतो."

* * *

मग प्रेशर कुकर. रोझमावशी रविवारी आत डाळ लावायची. मी जाहीर केलं, शिट्टी होईपर्यंत बोललात तर बोललात, नाहीतर तुमचा डाव गेला. मधुरा घाबरून शिट्टीआधीच उरकायची. दिग्या शिट्टीबरोबर ओरडायचा.

अग्नेलचा डाव आला की मात्र शिट्टीच व्हायची नाही. तो आरामात विचार करायचा, राक्षसाची विचारपूस करायचा, उठून पाणी पिऊन यायचा, पुन्हा विचार करायचा. हे दोन-तीन रविवार चाललं. मला वाटलं, कुकरची रिंग गेली.

शेवटी मावशीच पळी घेऊन बाहेर आली. "पाणी पितंय म्हणान येता आणि गॅस बारीक करून जाता, मेलो! माजी डाळ कच्ची रवली! तुमचो राक्षस मरांदे नायतर जगांदे, जेवतलास काय?"

त्या दिवशी आम्ही भाताबरोबर लोणचं खाल्लं. अग्नेल माझ्या समोर बसून, मान खाली घालून हसत होता. मला राग आला होता. आलाच होता.

* * *

टेबलावर मांडलेल्या पटावर अग्नेलचा योद्धा म्हणजे सावंतवाडीचा लाकडी भोवरा. बाकीच्या दोघांनी शिंपला घेतला, बुद्धिबळातला घोडा घेतला. याने भोवरा! भोवरा उभा राहत नाही, त्यामुळे त्याचा योद्धा पटावर कायम आडवा. आमच्या खेळात आडवा म्हणजे मेलेला.

"मेलास काय रे?" मी दर वेळी विचारायचे.

"नाय गो. पडून आसंय. तू सांग गोष्ट, मी आयकतंय."

* * *

मग त्याला बोटीवरच्या नोकरीचा कॉल आला. क्रूझवर, किचनमध्ये. क्लबसाठी सावंतवाडीत जागा बघायला आम्ही दोघं ज्या आठवड्यात जाणार होतो, त्याच आठवड्यात निघायचं होतं.

मी ठरवलं, शेवटची लढाई तो असतानाच संपवायची. दीड वर्षं चाललेली गोष्ट, तिला शेवट हवा. अजगर म्हणून लाकडी अननस मांडला. गाऱ्हाणं लहान करायला लावलं. अजगराची ताकद मी मनातल्या मनात अर्धी केली. दिग्याचा वार लागला, मधुराची जादू लागली. आता एक घाव, आणि डाव अग्नेलचा.

त्याने डाइस हातात घेतला आणि नुसता घोळवत बसला.

"टाक ना!"

"आदी अजगराक इचारूया. जेवलंस काय रे म्हणान."

"अग्नेल, गाडी येईल तुझी! लवकर!"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "संपली की मगे काय गो?"

बाहेर हॉर्न वाजला. त्याने डाइस भोवऱ्याशेजारी ठेवला, बॅग उचलली. "डाव माजो आसा हां. कोणी हात लावू नको."

मावशी फाटकापर्यंत गेली. मी टेबलाशीच उभी राहिले.

* * *

नंतर एकदा त्याचा व्हिडिओ कॉल लागला. मी म्हटलं, "अग्नेल, डाव तुझा." तो हसला, तोंड उघडलं, आणि चित्र तसंच थिजलं. आम्ही तिघं त्या उघड्या तोंडाकडे बघत बसलो. नियम माझाच होता, वेळेत बोलला नाही त्याचा डाव गेला. दिग्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शिट्टी कुठे झालीय?"

तेव्हापासून पट तसाच आहे. अननस, शिंपला, घोडा, आडवा भोवरा. मावशी टेबलाच्या अर्ध्या भागावर जेवते.

परवा नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला मी तिच्याकडे गेले. लाटायला जागा पुरेना. पीठ पटाच्या कडेपर्यंत आलेलं, अननसावरही मैदा उडालेला. मलाच कसंतरी झालं.

"मावशी, आवरू का हे आता?" मी विचारलं. "तुला सणाचं टेबल लागेल."

तिचं लाटणं चालूच. मी भोवरा उचलायला हात पुढे केला आणि थांबले. भोवरा आडवा नव्हता. नेवरीच्या पिठाचा एक गोळा अजगरासमोर घट्ट दाबून त्यात त्याची टोकदार आर रोवली होती. भोवरा ताठ उभा होता.

मी मावशीकडे पाहिलं. तिने हाताचं पीठ झटकलं.

"तेचो डाव आसा ना गो? मगे निजान कसो खेळतलो?"