बोटांना पाठ असलेला अर्ज

सौसरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रामाकोन्याच्या समाजमंदिरात बायकांसाठी फुकट कॉम्प्युटरचा वर्ग सुरू केला. पांढुर्ण्याच्या एका कॉलेजनं काढून टाकलेली पाच मशिनं मिळाली होती. दुपारी दोन ते चार, शेतातली कामं जरा थंडावली की बायका यायच्या. बहुतेकींना माऊस धरायलाच आठवडा लागायचा.

त्यांत एक पन्नाशीची बाई होती. नवऱ्याची संत्र्याची बाग, स्वतः चौथी शिकलेली. कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माऊस सरकवायच्या ऐवजी ती तो उचलूनच धरायची, आणि बाकीच्या हसल्या की तीही हसायची.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना एका बोटानं अक्षरं दाबून पाहायला सांगितलं, तेवढ्यात लाइट गेली. उन्हासाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या, त्यामुळे हॉलमध्ये अंधार झाला. पंखे थांबले. बायकांनी हात मागे घेतले. तरी कोपऱ्यातल्या मशिनावरून आवाज येत राहिला. टक टक टक, मध्ये जराशी उसंत, पुन्हा टक टक.

"काकू, लाइट गेली," मी म्हटलं.

आवाज थांबला नाही. मी जवळ गेले. बाई डोळे मिटून, पाठ ताठ करून बसली होती आणि तिची दहाही बोटं बंद मशिनावर चालली होती. कोणी शिकवल्याशिवाय बोटं तशी पडत नाहीत. मी खांद्याला हात लावला तशी ती दचकली. हात पदराखाली घेतले.

लाइट आल्यावर मी तिला पुन्हा बसवलं. तिनं डोळे मिटले. पडद्यावर सरसर इंग्रजी उमटू लागलं. नोकरीसाठी केलेला अर्ज होता तो. साहेबांना नमस्कार, शिक्षण, टायपिस्टच्या जागेसाठी विनंती. फक्त जिथं एन हवा तिथं प्रत्येक वेळी बी पडलेला, आणि बी हवा तिथं एन. आणि खाली एका मुलीचं नाव.

"हे काय लिहिलं काकू?"

"मले काय मालूम जी. मले इंग्लिश कुठी येते?"

"मग हे नाव कोणाचं?"

"नाव आलं का?" तिनं डोळे उघडले. "कुठी आलं? दाखवा बरं."

मी बोट ठेवलं. तिनं काचेवर हात फिरवला.

"माही पोरगी. दोन सालं झाले तिले जाऊन."

शेजारी बसणारी बाई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मशिनावर जाऊन बसली. खोटं कशाला सांगू, त्या कोपऱ्यात जायला मलाही दोन दिवस धीर झाला नाही.

मग एका सकाळी मी तिच्या घरी गेले. तिनं भिंतीतल्या देवळीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर शाईनं कीबोर्ड काढलेला. मुलगी सौसरला टायपिंग शिकायला नुकतीच जाऊ लागली होती आणि घरी मशिन नाही म्हणून या पुठ्ठ्यावर सराव करायची. तापानं अंथरूण धरलं तेव्हा बोटांत जोर राहिला नाही, तशी ती आईचे हात पुठ्ठ्यावर ठेवायची आणि त्यावर आपले ठेवून हाच अर्ज पुन्हा पुन्हा गिरवायची.

"सराव तुटला नाही पाहिजे, म्हणे. आताबी दुपारी बसतो मी. सवय लागून गेली."

पुठ्ठ्यावरची मधली अक्षरं पुसून पांढरी झाली होती. खालच्या ओळीत एन आणि बी एकमेकांच्या जागी काढलेले होते. मी सांगावं की नाही, चहा संपेपर्यंत ठरेना. शेवटी सांगितलं.

तिनं पुठ्ठा मांडीवर घेऊन त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"तिची परीक्षा होती बाई. मंग ते नापासच झाली असती का?"

"नाही काकू. खऱ्या मशिनावर दोन दिवसांत सुधरलं असतं."

"मंग मले सुधरवून द्या."

दोन दिवस नाही, तीन आठवडे लागले. बोट चुकीच्या जागी जायचं, ती मनगट धरून ते मागे आणायची, आणि मला कितीदा वाटलं की तिथं कोणीतरी उलट्या बाजूनं ओढतंय. एका दुपारी अर्ज बिनचूक आला. ती उठली, पाणी प्यायली, मग परत येऊन बसली.

वर्ग संपताना प्रमाणपत्रासाठी प्रत्येकीनं आपलं नाव टाइप करायचं होतं. तिनं हात ठेवले, डोळे मिटले. बोटं हलली नाहीत.

"काकू, तुमचं नाव."

"हो जी. पण माहं नाव कुठून सुरू होते?"

मी तिचं नाव इंग्रजीत कागदावर लिहून दिलं आणि पहिलं अक्षर दाखवलं. तिनं डोळे उघडले आणि एका बोटानं, ओळीनं शोधत, चारदा खोडत, आपलं नाव लिहिलं. अर्धा तास लागला. मग प्रिंटरमधून आलेला कागद दोन्ही हातांनी धरून तिनं त्यावरचं आपलं नाव हळूहळू, मोठ्यानं वाचलं.